थांबा पहिला: बायडाबाईची ओसरी

मी बोर्ड बोलतोय. शाळेतला नाही, दुकानावरचा नाही. सिन्नर सोडून शिर्डीच्या बाजूला निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याची पुढं आलेली ओसरी लागते. ती बायडाबाईची. त्या ओसरीच्या भिंतीवर, मीटरच्या खाली हातभर अंतरावर मी आहे. लाकडी पेटी, वर काळं सॉकेट, तीन भोकं आणि एक खटका. पंधरा अँपिअरचा आहे मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली लोक मला मोबाईलचं भोक समजतात.

गोड बोलायची मला सवय नाही. शिकलेला पण नाही. माझ्या अंगावर जेवढं कोरलंय तेवढंच मला वाचता येतं आणि तेवढ्यावर इतकी वर्षं निघाली. कुणावर जळत असलो तर लपवत नाही. चौफुलीवरच्या हॉटेलापुढं एक कपाट उभं आहे, त्याच्यावर मी जळतो. ते कोण, ते नंतर सांगतो. आधी माझं ऐका.

मला भिंतीवर बसवलं निसार वायरमननं. बायडाबाईचा नवरा सोमनाथ सिन्नरच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं शेवयांचं मशीन आणलं. त्या मशीनला घरातलं साधं बटण पुरेना, म्हणून मी आलो. निसारनं चार खिळे मारले, खटका खाली केला आणि मशीन असं घुमलं की वरच्या पत्र्यावरची चिमणी उडाली. निसार म्हणाला, "सोमनाथ, ह्याला हत्ती बांध, तुटणार नाय."

मग उन्हाळाभर बायकांची रांग. कणकेच्या पराती घेऊन सकाळपासून ओसरीत बसायच्या. सासवांच्या तक्रारी, सुनांच्या तक्रारी, सगळं माझ्या कानावरून जायचं. माझ्या डोक्यावरच्या जुन्या मीटरात एक चकती फिरायची. पीठ घट्ट असलं की मशीनला जोर लागायचा आणि चकती पळायला लागायची. बायडाबाई पिठाला हात न लावता, नुसती चकती बघून सांगायची, "ये बाई, पाण्याचा हात लाव, घट्ट झालंय." बायकांना वाटायचं हिला काहीतरी कळतं. कळायचंच. ही चकतीची गोष्ट ध्यानात ठेवा.

पुढं शेवया पाकिटात मिळायला लागल्या. सोमनाथ गेला. मशीन भंगारात गेलं. माझ्या तोंडात कुणीतरी एक पांढरा प्लॅस्टिकचा अडॅप्टर बसवला आणि त्याला मोबाईल लटकवला. हत्ती बांधायच्या खुंट्याला उंदीर बांधला. नंतर मोबाईल पण आत गेला, उशाशी. मग एक कुंभारीण माशी आली आणि तिनं माझ्या वरच्या भोकात चिखलाचं घर केलं. मी राहू दिलं. तिला तरी माझा उपयोग होता.

अशात एक दिवस दारात पांढरी गाडी येऊन उभी राहिली, आणि आली कधी ते कळलंच नाही, कारण आवाजच नव्हता. त्यातनं उतरला रविराज. बायडाबाईच्या भावाचा, गोरक्षचा मुलगा. नाशिकला असतो. बरोबर बायको योगिनी आणि मुलगी दिशा. योगिनीचं माहेर वर्ध्याला. आजवर रेल्वेनं जायचे, आता विजेची गाडी घेतली आणि पहिल्यांदाच रस्त्यानं निघाले होते.

बायडाबाई गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "धूर कुठनं निघतो हिचा?"

"निघतच नाही, आत्या."

"मग चालू हाय का बंद, ते कसं कळतं?"

"तेच मला पण अजून कळत नाही," योगिनी म्हणाली.

रविराजच्या हातात एक कागद होता. वहीचं पान, त्यावर रेघा मारून थांबे लिहिलेले. कुठं किती किलोमीटर, तिथं पोचल्यावर बॅटरी किती उरेल, मशीन बंद असलं तर पुढं कुठं जायचं. माणूस पहिल्यांदा मुलीला शाळेत सोडताना जसा चारदा रस्ता बघतो तसा तो त्या कागदाकडं बघत होता. त्यानं मोठ्यानं वाचलं, "पहिला थांबा, आत्या."

योगिनी म्हणाली, "घरातनं निघून पंचेचाळीस किलोमीटर पण झाले नाहीत. इथं कोण थांबतं? लोक हसतील."

"हसू देत. पुढं नागपूरच्या रस्त्याला पहिलं मशीन कधी चालू असतं कधी नसतं, असं लोकांनी लिहिलंय. इथनं पोट भरून निघू."

"आणि माझ्याकडं थांबायला हसायचं काय हाय गं?" बायडाबाईनं विचारलं.

रविराजनं काडीनं कुंभारणीचं घर काढलं, माझं तोंड फडक्यानं पुसलं आणि गाडीची जाड पिन आत घातली. इतक्या वर्षांनी अंगात धग आली. आणि तेवढ्यात त्या वायरीच्या मधल्या डबीवर लाल दिवा लागला.

"आत्या, अर्थिंग नाहीये तुझ्याकडं."

"नाय कसं? निसारनं केलंय."

"कधी?"

"तुझ्या लग्नाच्या आधी."

भर ओसरीत माझी अब्रू गेली. हत्ती बांधा म्हणून मिरवणारा मी, आणि गाडी माझ्या हातचं पाणी प्यायला तयार नाही. बायडाबाईनं निसारला फोन लावला. निसार आता म्हातारा झालाय, पण मोपेडवर आला. भिंतीमागं खड्डा उकरला, जुनी गंजलेली पट्टी काढून नवी घातली. "वहिनी, मोठं मीठ आणा. आन कोळसा." मीठ, कोळसा, माती, पुन्हा मीठ, असे थर दिले आणि वर पाणी ओतलं. "पाणी घालत जा. खड्डा कोरडा पडला की गाडी तोंड फिरवणार."

"रोज?"

"रोज कशाला? आठ दिवसांनी तांब्याभर."

पिन पुन्हा घातली. दिवा हिरवा झाला. माझ्या डोक्यावर आता चकतीचं मीटर नाही, नवीन आहे, त्यात एक लाल ठिपका लुकलुकतो. घरात नुसता पंखा चालू असला की तो डुलक्या घेतो. त्या दिवशी असा धडधडला की बायडाबाई बघतच राहिली. मशीनच्या दिवसांतली चकती तिला आठवली असणार. मला तर आठवलीच.

खरं सांगतो, मी सावकाश काम करतो. दोन तासांत मी त्या गाडीला चाळीसेक किलोमीटरचं पोटात घालतो, जास्त नाही. पण त्या दोन तासांत भाकरी झाली, पिठलं झालं, दिशानं शेळीचं करडू मांडीवर घेतलं, रविराज सोमनाथच्या जुन्या खाटेवर घोरला आणि योगिनीनं बायडाबाईच्या डोक्याला तेल लावून दिलं. निघताना बायडाबाईनं तो कागद मागून घेतला. रविराज म्हणाला, मोबाईलमध्ये फोटो आहे, ठेव. तिनं तो घडी करून माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत खोचला. तेव्हापासून तो माझ्या पाठीशी आहे.

आणि आठ दिवसांनी तांब्याभर सांगितलेलं पाणी ती रोज घालायला लागली. सकाळी तुळशीला घातलं की उरलेलं अर्थिंगच्या खड्ड्यात. शेजारणीनं विचारलं, इथं काय पेरलंय? ती म्हणाली, "भावाचं पोर."

गोरक्षला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिला माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते त्या चार चाकांवर होतं, आणि ते माझ्यामुळं दारात उभं राहत होतं. वर्ध्याला जाताना थांबा, येताना थांबा. दिवाळी, उन्हाळा, कुणाचं लग्न. मी फुगलो होतो, नाही म्हणत नाही.

मग ते कपाट आलं.

चौफुलीवर, इथनं किलोमीटरभर अलीकडं, एक मोठं हॉटेल झालं. त्याच्या अंगणात ते उभं केलं. फास्ट चार्जर म्हणतात त्याला. पुरुषभर उंच, वर छप्पर, पोटावर टीव्ही, आणि अजगरासारखी जाड काळी नळी. मी ते जवळनं बघितलेलं नाही, मला पाय नाहीत. पण दिवस मावळला की शेताच्या पलीकडं त्याचा हिरवा उजेड दिसतो. मी दोन तासांत देतो ते हे कपाट दहा मिनिटांत देतं म्हणे. देऊ दे. दहा मिनिटांत वाढलेलं जेवण कसलं असतं ते मला विचारू नका.

पुढच्या खेपेला रविराजचा फोन आला. बायडाबाईला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोन मोठ्या आवाजात लावते, त्यामुळं मलाही ऐकू येतं. "आत्या, या वेळी थांबत नाही गं. दिशानं ॲपमध्ये बघितलंय, हॉटेलवरच बसतंय सगळं. वेळ वाचतो."

"बसू दे," बायडाबाई म्हणाली. चुलीवर पिठलं होतं. ते तिनं शेजारी नेऊन दिलं.

त्याच्या पुढच्या खेपेला फोन पण नाही. ती ओसरीत लसूण सोलत बसली होती. पांढरी गाडी समोरनं गेली. आवाज नसतो तरी बायडाबाईनं मान वर केली. गाडी गेली त्या दिशेला बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. जणू दोष माझाच. मी पण मान खाली घातली असती, पण मला मान नाही, तीन भोकं आहेत.

मधे एकदा ते कपाट बंद पडलं. हॉटेलातला वाढपी शेजारच्या दुकानातनं किराणा न्यायला आला तेव्हा सांगत होता, चार गाड्या येऊन शिव्या देऊन गेल्या. मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते चालू झालं आणि माझं तोंड पुन्हा कडू झालं. वीज पडावी त्याच्यावर, असं पण मनात आलं. मग लक्षात आलं, वीज पडली तर ती माझ्या पण तारेतनं येईल. म्हणून मागं घेतलं.

बायडाबाईनं काय केलं? निसारला बोलावलं. चहा दिला आणि म्हणाली, "भाऊ, ह्याचा पावर वाढव."

"कुणाचा?"

"ह्या बोर्डाचा. त्या हॉटेलवाल्यासारखा कर. दहा मिनिटांत झालं पायजे."

निसार चहा बशीत ओतता ओतता थांबला. "वहिनी, त्याला वेगळी डीपी बसवलीय, अख्खा ट्रान्सफॉर्मर. ह्यो घरचा मीटर हाय. वाढवला तर आधी तुमचा पंखा जळंल, मग मीटर जळंल, मग गाव मला जाळंल."

"थोडा तरी वाढव."

"थोडा वाढत नाय. हाय तेवढाच देतो ह्यो. पण देतो ना इमानानं?"

"इमान कोण बघतंय? वेळ बघत्यात सगळे."

निसारनं मला उघडून आतले स्क्रू आवळले, धूळ फुंकली, परत बंद केलं. पैसे घेतले नाहीत. जाताना माझ्यावर दोन बोटं टकटकवली. त्यानं एवढं केलं ते मी विसरलो नाही.

मग कमळाबाईचा फोन आला. ही योगिनीची मावशी, जालन्याकडं राहते. लग्नाचं आमंत्रण होतं, पण निम्मा वेळ ती दुसरंच सांगत होती. "आमच्या पोरानं, दिनेशनं, भिंतीवर खास गाडीचं मशीन बसवून घेतलंय. पोरं येताना आमच्याकडंच लावत्यात आता. परवा मुक्कामच केला. तुमच्याकडं थांबत असतील ना?"

बायडाबाई पटकन म्हणाली, "थांबत्यात तर. परवाच थांबले हुते जाताना. खीर केली हुती."

तिनं खीर केली नव्हती. कुणी थांबलं नव्हतं. मी भिंतीवर होतो, मला माहीत आहे. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पदराच्या टोकाला गाठी मारत आणि सोडवत बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या ओसरीत जळणारा मी एकटा नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी रविराजचा फोन आला. "आत्या, पुढच्या रविवारी वर्ध्याला चाललोय. जाता जाता पाच मिनिटं भेटून जाऊ का?"

काय झालं तिला कुणास ठाऊक. म्हणाली, "जाता जाता भेटायची काय गरज नाय. मी काय आजारी नाय, मेलेली नाय. पाच मिनिटं तोंड दाखवायला येऊ नको. तुझ्या गाडीचं काम असलं तर ये, नायतर जा सरळ."

"आत्या, असं काय..."

फोन बंद.

मग आतल्या खोलीत गेली. मी इथं बाहेर. पण पितळेचे डबे आपटल्याचा आवाज आला, त्यावरनं राग केवढा ते समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थिंगला पाणी घातलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी पण नाही. मी मनात म्हटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी तुळशीवरनं पुढं गेली, परत आली, आणि अख्खा तांब्या खड्ड्यात ओतला. रागानं ओतला, पण ओतला.

रविवार आला. सकाळी दहाच्या सुमाराला पांढरी गाडी रस्ता सोडून आमच्या दारात वळली. बायडाबाई उठली नाही. सूप हातात होतं, तांदूळ पाखडतच राहिली.

रविराज खाली उतरला. "आत्या, घोळ झाला. रात्री घरी गाडी लावायची राहिली. आता चार्जिंग संपत आलंय. तुझ्याकडंच लावावी लागेल."

"हॉटेल नाय का तिथं?"

"तिथं रांग आहे."

"लाव मग," ती म्हणाली. सूप खाली ठेवलं. "किती वेळ लागंल?"

"दोन तास तरी."

"मग भाकरी टाकते."

रविराजनं पिन माझ्या तोंडात घातली, खटका खाली केला. मी किती दिवसांनी जीव एकवटला होता. छाती काढून देणार, म्हटलं, घे. आणि गाडीनं दोन घोट घेतले आणि तोंड मिटलं.

पोट भरलेलं होतं तिचं. काठोकाठ. मी बोर्ड आहे, मला कुणी शिकवायला नको. नाशिकहून इतकं अंतर चालून आलेली गाडी भरलेली कशी असेल? ती त्या कपाटाकडं जाऊन आली होती. त्याचं खाऊन, तोंड पुसून, माझ्या पानावर नुसती बसली होती.

असा अपमान माझा आजवर झाला नाही. कुंभारणीनं चिखल भरला तेव्हा पण नाही.

दिशा गाडीतनं मान काढून म्हणाली, "बाबा, पण ही तर शंभर..."

"दिशा," रविराज म्हणाला, "करडू केवढं झालंय बघ जा."

योगिनी हळूच हसली. मग माझ्या समोर उभं राहून नवऱ्याला म्हणाली, "रांग म्हणे. आपण सोडून तिथं कुत्रं नव्हतं."

"हळू बोल. काम असलं तरच ये म्हणालीय. काम आणलंय."

ते दोघं मागच्या अंगणात गेले. ओसरीत मी आणि ती वायर. मी ठरवलं होतं, हे उघडं पाडायचं. माझ्या हातात काय होतं म्हणा, पण एखादी ठिणगी टाकता आली असती.

तेवढ्यात बायडाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सवयीनं मान वर करून मीटरकडं बघितलं.

लाल ठिपका डुलक्या घेत होता. एकदा लुकलुकायचा, थांबायचा, बऱ्याच वेळानं पुन्हा. आतला पंखा तेवढा चालू होता, त्याचाच. गाडी काही ओढत नव्हती. जिनं चकती बघून परातीतलं पीठ ओळखलं तिला हे कळायला किती वेळ लागतो?

ती तशीच उभी राहिली. ठिपक्याकडं बघितलं, वायरीकडं, गाडीकडं. मागच्या अंगणातनं रविराजचा आवाज येत होता, दिशाला काहीतरी सांगत होता. पिठाचा हात तिनं माझ्या पेटीवर टेकला, जरा वेळ. तो डाग अजून आहे.

मग मोठ्यानं, मागं ऐकू जाईल असं म्हणाली, "रवी, लय ओढतीय रे गाडी. दोन तासांत काय व्हायचं नाय. तीन लागतील. खीर टाकते, जेवूनच निघा."

मागून रविराज म्हणाला, "बरं, आत्या. तीन तर तीन."

खीर झाली. हातानं केलेल्या शेवयांची, पाकिटातल्या नव्हे. रविराज खाटेवर घोरला. योगिनी आणि बायडाबाईनं कमळाबाईच्या मशीनवर यथेच्छ बोलून घेतलं. दिशा मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "आत्याआजी, तुझा बोर्ड ॲपमध्ये घालू? म्हणजे दर वेळेला रस्ता ठरवताना तोच इथं थांबा म्हणेल."

"घाल. पण मग गावभरच्या गाड्या येतील की."

"नाही, फक्त आपल्याला दिसेल. वेग काय लिहू?"

"लिही, सावकाश."

साडेतीन तासांनी रविराजनं पिन काढली. आत्याच्या पाया पडला. ती म्हणाली, "झालं का काम?"

"झालं."

"येताना पण काम निघंल का?"

"निघेल ना. वर्ध्यापासून यायचं म्हणजे निघणारच."

असं आहे माझं आत्ताचं. पेटीला एक चीर गेलीय, काळ्या सॉकेटचा रंग उडालाय. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी पडतं. पाठीशी तो कागद आहे, पहिल्या ओळीत आत्या लिहिलेला. कुंभारीण पुन्हा घिरट्या घालतीय, पण रविराजनं जाताना माझ्या भोकांवर एक झाकण बसवलंय.

त्या कपाटाचा राग गेला म्हणाल तर नाही गेला. ॲपमध्ये थांबे अंतरानं लावतात म्हणे, आणि ते किलोमीटरभर अलीकडं आहे. म्हणून ते एक नंबरला आणि मी दोन. हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण त्याला कुणी एवढं विचारा, पोट भरल्यावर तुझ्यापाशी कुणी एक मिनिट तरी थांबतं का? तिथं गाडी भरली की जागा सोडा म्हणतात, नाही सोडली तर दंड लावतात. मी काहीही न देता साडेतीन तास थांबवून धरलं.

विजेच्या गाडीवाल्यांनो, तुम्ही थांबे ठरवायला बसता तेव्हा माझं एक ऐका. जिथं गरज आहे तिथं थांबालच, न थांबून सांगता कुणाला. एखादा थांबा असा पण लिहा जिथं गरज नाही. तिथल्या माणसानं विचारलं तर गाडी उपाशी आहे म्हणून सांगा. मी कुणाला सांगणार नाही.

येताना ते संध्याकाळी पोचतील. बायडाबाईनं आत्तापासून शेवया काढून ठेवल्यात, आणि खटका दोनदा खाली-वर करून बघितलाय. चालतोय.